वाढत्या अंगाचं माप

३ मार्च

आजपासून वही. कारण सर्जन मॅडम. काल दिवसभरात मी त्यांना इतक्या वेळा फोन केला की शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, शंका आली की आधी वहीत लिहीत जा. दुसऱ्या दिवशीही ती शंकाच वाटली तर मला फोन कर."

पहिली शंका: वहीत लिहिलेली शंका दुसऱ्या दिवशी खात्री वाटायला लागली, तर फोन करायचा की नाही? हे विचारायला फोन उचलला होता. ठेवला.

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखान्याला लागून आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि संगणक. दुसरीत छपाईचं यंत्र आणि ते चालवणारे पावडरभाऊ. यंत्र पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरतं, किरणानं हवी तेवढीच भुकटी वितळवून चिकटवतं, मग त्यावर दुसरा थर. थरावर थर चढून वस्तू तयार होते. ती बाहेर काढून झटकली की भाऊ पांढरे होतात, म्हणून पावडरभाऊ. आजवर आम्ही इथे जबड्याचे आणि कवटीचे नमुने केले, म्हणजे डॉक्टरांनी हातात धरून बघायचे. आता पहिल्यांदा आमची वस्तू माणसाच्या आत जाणार आहे. माणूस सात महिन्यांचं आहे.

तिच्या डाव्या फुफ्फुसाकडे जाणारी श्वासनळी इतकी मऊ आहे की श्वास सोडताना ती ओल्या कागदासारखी मिटते. त्या मिटण्यातून शिट्टी वाजायची, म्हणून वॉर्डातल्या नर्स तिला शिट्टी म्हणतात. आता ती श्वासाच्या यंत्रावर आहे, तरी अधूनमधून निळी पडते. मी तिच्या स्कॅनवरून एक छोटी नळी आखायची. ती पूर्ण गोल नसते, एका बाजूनं फट असते, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी. मॅडम ती श्वासनळीवर बाहेरून बसवणार आणि आतली लुळी भिंत टाके घालून तिला बांधणार, म्हणजे ती मिटणार नाही. पोर वाढेल तशी फट उघडत जाईल. तीनेक वर्षांत श्वासनळी स्वतःच्या पायावर उभी राहील आणि आमची नळी अंगातच विरघळून जाईल.

म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम नाहीसं होण्यासाठीच आहे. शोभतं मला.

५ मार्च

नाहीसं व्हायला तीन वर्षंही लागत नाहीत. आई असली की पुरे.

चाचणीचा एक तुकडा कोटाच्या खिशात राहिला होता. आईनं कोटाला इस्त्री केली. आई निम्म्या गल्लीच्या कपड्यांना इस्त्री करते आणि खिसे तपासल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही हा तिचा धर्म आहे. पण लेक शिकलेली, तिच्या खिशात काय असणार! आमची भुकटी साठ अंशांना वितळते. खिसा कायमचा बंद झाला.

"काय गं हे, च्युइंगम?" आई म्हणाली. "एवढी शाळा केलीस, त्यात च्युइंगम खिशात ठेवू नये हे शिकवलं नाही का कुणी?"

मी मोठ्या आवाजात आणि सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे समजावताना माझा आवाज आपोआप मास्तरांसारखा होतो. आई चुलतभावाच्या शर्टाची कॉलर दाबत ऐकत होती. मग म्हणाली, "पाजताना जास्त निळी पडत असेल ना?"

"तुला काय माहीत?"

"लोक सांगतात."

बाबा भिंती रंगवून आले होते आणि नखांतला रंग काढत बसले होते. ते उठले आणि इस्त्री बंद आहे का ते बघून आले. इस्त्री आईच्या हातात होती.

आई दुपारी इस्पितळाच्या मालिका बघते, त्याचा हा परिणाम. वितळलेला गोळा तिनं खिशातून खरवडून काढला आणि बटणांच्या डबीत ठेवला. आमच्या घरात काही टाकून देत नाहीत.

७ मार्च

आखणी पूर्ण. दिवसभर शिट्टीची श्वासनळी पडद्यावर फिरवत होते. डावं-उजवं इतक्यांदा तपासलं की दुपारी जेवताना चमचा कुठल्या हातात धरायचा याचा क्षणभर विचार करावा लागला.

माप घेतलं, पुन्हा घेतलं, तेच आलं. मग वाटलं, हे फार नेमकं झालं. वाढतं पोर आहे. माझा शाळेचा पहिला फ्रॉक मला चौथीत बसला. तोवर मी त्याच्या आत राहत होते. स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या, बुटांत पुढे कापूस. "वाढत्या अंगाचं घ्यावं," हे आईचं घरातलं एकमेव शास्त्र, आणि आम्हाला परवडण्याच्या दृष्टीनं बरोबरही. फट उघडते हे मला माहीत आहे. तरी आतल्या मापात अर्धा मिलिमीटर वाढवला. सावधगिरी म्हणून.

आज स्वतःवर थोडी खूश आहे. तारीख लिहून ठेवते, असं फारसं होत नाही.

८ मार्च

आईनं पेटीतून एक स्वेटर काढून दिला. फिका पिवळा, हाताएवढा. "शिट्टीला ने."

"माझा आहे?"

"तू कुठली एवढीशी? तू जन्मलीस तीच दांडगी."

मग कुणासाठी विणला होता, विचारलं. म्हणाली, "जुना आहे." शेजारच्या कुणाच्या बाळासाठी विणला असेल आणि द्यायचा राहिला असेल. गंमत म्हणजे आमच्या घरातला हा एकच कपडा अगदी मापाचा विणलेला दिसतो. बाह्या दुमडायला जागाच नाही.

वॉर्डात बाहेरची लोकर चालत नाही हे मी आईला नियमासकट सांगितलं. तिनं मान हलवली, घडी घातली, पेटीत ठेवला. मला उगाच अपराधी वाटलं. मग वाटलं की नियम नियम आहे. मग पुन्हा अपराधी वाटलं. आज एवढंच काम झालं.

१० मार्च

छपाई झाली. मॅडमच्या पद्धतीप्रमाणे तीन मापं: मधलं, त्याहून अर्धा मिलिमीटर लहान आणि अर्धा मोठं. स्कॅन काहीही म्हणो, छाती उघडल्यावर जे बसेल ते बसवायचं. शस्त्रक्रिया चौदा तारखेला.

वाफेच्या यंत्रात तुकडे गेले तर त्यांचा रस्सा होईल, म्हणून ते वायूनं निर्जंतुक करतात. डब्यावर मी "वाफ नको" अशी चिठ्ठी लावली. मग मागच्या बाजूला एक. मग झाकणावर. मग झाकणाच्या आतून, कुणी झाकण उघडून वाफ दिली तर. निर्जंतुक करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, आत काही आहे का, की चिठ्ठ्याच निर्जंतुक करायच्यात?"

१२ मार्च

वहीत आधी लिहायचं आहे, मग फोन. म्हणून लिहिते.

सकाळी भाऊ भुकटी चाळत होते. मी सहज म्हटलं, तुकडे सुरेख आले. ते म्हणाले, "येणारच की. थंड होताना आकसतात, हे ठाऊक आहे ना? म्हणून मी आतून अर्धा वाढवून दिला."

"आकसण्याचं गणित मी आखणीतच धरते, भाऊ."

"ते कागदावरचं. मागं जबड्याचा नमुना घट्ट झाला तेव्हा बोलणी कुणी खाल्ली? मी. आता मी सावधगिरी बाळगतो."

मी खोलीत आले आणि गणित केलं. भाऊंचा अर्धा, माझा अर्धा. तुकडे आकसले कागदावर होतं तेवढेच. म्हणजे सावधगिरीवर सावधगिरी चढून तिन्ही तुकडे एक मिलिमीटरनं मोठे. आम्ही केलेला सर्वांत लहान तुकडा हा खरं तर सर्वांत मोठा असायला हवा होता. लहान आणि मधलं माप डब्यात नाहीच.

एक मिलिमीटर म्हणजे काही नाही. माझ्या फ्रॉकमध्ये आख्खा वर्ग मावला असता. पण शिट्टीची अख्खी श्वासनळी माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे. नळी मोठी झाली तर टाके भिंतीला फार ओढतील आणि भिंत फाटेल. शेजारून मोठी रक्तवाहिनी जाते, नळी तिच्यावर दाबेल.

आता खरी गोष्ट. सांगितलं तर नवे तुकडे छापायचे, वायू द्यायचा, वायू उडून जाईपर्यंत थांबायचं. शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे. शिट्टीकडे आठवडा आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. नाही सांगितलं तर कदाचित सर्वांत लहान तुकडा बसेलही. मॅडम मनात म्हणतील, थोडा सैल आहे, आणि बसवतील. कुणाला कळणारसुद्धा नाही.

"कदाचित" हा शब्द मी वर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. इतर वेळी दाराला कडी घातली की नाही बघायला जिन्यावरून परत वर जाणारी मी, आणि इथे "कदाचित"वर बाळ ठेवायला निघाले होते.

फोन करते.

१२ मार्च, संध्याकाळ

मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "कितीनं?"

मी अर्ध्याचं, दुसऱ्या अर्ध्याचं, फ्रॉकचंही सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "फ्रॉक नंतर. वर ये."

वर गेले. काचेतून शिट्टी दिसत होती. तोंडात नळी, हात दोन बाजूंना पसरलेले, आम्हाला शरण आल्यासारखे. मॅडमनी शिट्टीच्या आई-बाबांना बोलावून सांगितलं की तुकडे मापाला बरोबर आले नाहीत, पुन्हा करतोय, वीस तारीख. कुणामुळे ते बोलल्या नाहीत. मी म्हणाले, "माझ्यामुळे." मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की टेबलाखाली जावंसं वाटलं.

शिट्टीचे बाबा गवंडीकाम करतात. जाडजूड हातांचा माणूस. त्यांनी ते हात मांडीवर पुसले. मग म्हणाले, "म्हणजे मोठं झालं होतं?"

"हो."

"आणि आता मापाचं करणार?"

"हो."

"करा मग." आणि ते काचेकडे वळले. शिट्टीची आई मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाताना मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून भाऊ आणि तू एकाच टेबलावर बसून मापं लिहायची. आणि शंका आली की थेट फोन करत जा." म्हणजे वहीवरचाही विश्वास उडाला त्यांचा. चुकणाऱ्या माणसाला मोकळं सोडत नाहीत, हे बरोबरच आहे.

१३ मार्च

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "नोकरी?" मी म्हटलं, अजून आहे. बाबांनी पुन्हा ताटात बघितलं.

आई म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"तुझा काय संबंध?"

"मीच शिकवलं ना, मापाचं करू नये." ती घड्या घालत होती, घालून झालेल्या घड्या पुन्हा उघडून घालत होती. "मापाचं केलं की पोर वाढत नाही, असं बसलं होतं डोक्यात. तुझं सगळं मोठं मोठं करायचे मी. म्हटलं, हिला मोठं होऊनच हे भरावं लागेल."

"आई, ही अंधश्रद्धा आहे. आपण पैसे वाचवायला मोठं घ्यायचो."

"हो, पैसेही वाचायचे," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना आता." हे ते आईला म्हणाले, मला नव्हे. मला वाटतं, मी आईला अंधश्रद्धाळू म्हटलं ते त्यांना लागलं. उद्या माफी मागेन.

१४ मार्च

माफी मागितली. आई म्हणाली, "कशाबद्दल?"

भाऊंबरोबर एकाच टेबलावर. मी माप वाचते, ते लिहितात, मग ते वाचतात, मी लिहिते. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे या वेळी कुणीच सावधगिरी बाळगायची नाही?" मी म्हटलं, एकदाच, दोघांनी मिळून. छपाई सुरू.

१६ मार्च

सकाळी शिट्टी निळी पडली. यंत्र चालू असताना. नर्सबाईंनी सांगितलं, मॅडम धावत आल्या, पोटावर वळवली, पिशवीनं हवा दिली. रंग परत यायला किती वेळ लागला ते मी विचारलं नाही. आजच्या तारखेला तिच्या छातीत नळी असून दोन दिवस झाले असते, हे गणित माझं मीच केलं.

शिट्टीची आई बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. बोलायचं काय ते ठरवून गेले होते, ते विसरले. त्याच म्हणाल्या, "जेवलात का?" मी रडायला लागले. ज्यांनी रडायचं त्या मला पाण्याची बाटली देत होत्या. माझी मदत ही अशी असते.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "पोटावर वळवली ना? मग येतो रंग." आणि लगेच म्हणाली, "मालिकेत दाखवलं होतं."

१९ मार्च

डबा वर गेला. तीन तुकडे: मधलं, लहान, मोठं. खरंखुरं मधलं, लहान, मोठं. चिठ्ठी एकच लावली. त्या बाई म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना?"

२० मार्च

शस्त्रक्रिया झाली. मी तळघरात बसून होते. भाऊंनी स्वच्छ असलेलं यंत्र पुन्हा स्वच्छ केलं.

दुपारनंतर मॅडम स्वतः खाली आल्या. टोपीचा वळ कपाळावर तसाच. म्हणाल्या, "बसली. सर्वांत लहान."

"मधली नाही?"

"मधलीही सैल वाटली. स्कॅनवरच्या मापापेक्षा आत जागा कमी होती. लहान मात्र अशी बसली की..." त्यांनी एका हाताच्या मुठीत दुसऱ्या हाताचं बोट धरून दाखवलं.

त्या गेल्यावर मी भाऊंना म्हटलं, बघा, म्हणजे मुळात माझं मधलं मापही चुकलंच होतं. पहिल्या डब्यात तर एवढं लहान काही नव्हतंच. मी दोनदा चुकले.

भाऊंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला एवढं शिकवलं कुणी?"

टोमणा होता. लागला.

२५ मार्च

श्वासाच्या यंत्राचा जोर रोज थोडा कमी करतायत. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते म्हणे. मी बघायला गेले नाही. माझी नजर लागेल अशी भीती वाटली. आईला अंधश्रद्धाळू म्हणणारी ती मीच.

२८ मार्च

घशातली नळी काढली.

मॅडमनी फोन केला, "वर ये." मी धावत गेले आणि दाराशी थांबले. इतके दिवस घशात नळी होती, त्यामुळे ती रडली तरी आवाज यायचा नाही, तोंड फक्त रडायचं. आज आवाज आला. घोगरा, बारीक, दार करकरावं तसा. शिट्टीचे बाबा एवढ्या मोठ्या हातांनी मोबाइल धरून तो आवाज टिपत होते. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, गप्प करा तिला." शिट्टीची आई म्हणाल्या, "रडू दे."

मला बघून त्यांनी मोबाइल घेतला आणि ते रडणं मला पाठवलं. म्हणाल्या, "तुमच्याकडेही असू दे."

शिट्टी हे नाव आता चालणार नाही, यावर वॉर्डात चर्चा सुरू आहे.

२८ मार्च, घरी

आई कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. मी म्हटलं, ऐक. मोबाइल तिच्या कानाशी धरला.

तिनं इस्त्री उभी केली. ऐकलं. म्हणाली, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"पुन्हा."

मी म्हटलं, आवाज वाढवू का? ती म्हणाली, नको, असाच. डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून ऐकत होती, बारीक आवाज ऐकायला माणूस करतो तशी. "शिट्टी नाही गं यात," ती म्हणाली. "मध्ये कुठेच नाही."

"नाहीच. नळी बसली ना."

"रडते आहे. नुसती रडते आहे." आणि तिनं माझ्या कोटाची बाही धरून ठेवली, बंद झालेल्या खिशाच्या कोटाची. "पुन्हा लाव."

बाबा मागच्या दारात उभे होते. ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बाहेर काहीच नव्हतं, मी बघितलं.

नंतर आईनं पेटी उघडली आणि पिवळा स्वेटर पुन्हा माझ्यापुढे ठेवला. "आता ती घरी जाईल ना? घरी तर लोकर चालते." हे खरं आहे, नियम फक्त वॉर्डाला आहे. उद्या नेते. तिला तो अगदी बेताचा होईल, महिनाभरात लहान पडेल, हेही मी आईला सांगितलं.

"पडू दे," आई म्हणाली. "लहान पडू दे."

एकच गोष्ट तेवढ्याच आवाजात इतक्यांदा ऐकावी लागते, म्हणजे तिचे कान तपासून घ्यायला हवेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ मागते.